योगक्षेमाची कचेरी

दिवाळी तोंडावर आली की नोकरदाराच्या घरात करंजीच्या सारणाइतकीच आणखी एका गोष्टीची चर्चा रंगते. ती गोष्ट म्हणजे बोनस. तो मिळणार की नाही, किती मिळणार आणि लक्ष्मीपूजनापूर्वी हाती पडणार की भाऊबीज उलटल्यावर, या तीन प्रश्नांवर घरातील कितीतरी मनोरथ तोलून धरलेले असतात. विम्याच्या कचेरीत मात्र या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक विमेदाराचा बोनस. कंपनीच्या आयुष्य-व्यवसायाचे मूल्यमापन झाले, शिल्लक निघाली, की पॉलिसीच्या दर हजारी रकमेमागे काही रुपये विमेदाराच्या नावे वाढतात. दुसरा बोनस हा हिशेब मांडणाऱ्या कारकुनाचा. पहिला बोनस गणिताने ठरतो. दुसऱ्या बोनसपायी मात्र सर्वोच्च न्यायालयाला एकदा नव्हे, तीनदा निवाडा करावा लागला. मोठमोठ्या अर्थसंस्था कशा वाढल्या याचे इतिहास पुष्कळ लिहिले जातात. त्या वाढत असताना आतील माणसांचे काय झाले, हे क्वचितच कोणी सांगतो. आपल्या देशातील आयुर्विम्याच्या कचेरीचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

भारतीय आयुर्विमा महामंडळाने आपले बोधवाक्य भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायातून घेतले आहे, आणि मुंबईतील त्याच्या मुख्य कचेरीचे नावही 'योगक्षेम' असेच आहे. भाष्यकारांनी या जोडशब्दाची फोड मोठी मार्मिक केली आहे. जे जवळ नाही ते मिळणे म्हणजे योग, आणि जे मिळाले आहे त्याचे रक्षण होणे म्हणजे क्षेम. कोणत्याही वाढत्या संस्थेत नोकरी करणाऱ्याचे सारे सुखदुःख या दोन शब्दांत सामावलेले असते. संस्था वाढते तेव्हा त्याला योग हवा असतो: बढती हवी, पगारवाढ हवी. पण वाढीच्या धडाक्यात कालपर्यंत मिळत होते तेच निसटते की काय, ही धास्तीही त्याच्या मनात असते.

आपल्याकडे आयुर्विम्याचा आरंभ झाला तो कोलकात्यात, १८१८ साली. त्या वर्षी निघालेली ओरिएंटल लाइफ इन्शुरन्स कंपनी युरोपियनांनी मुख्यतः युरोपियनांसाठी काढलेली होती. पुढे एतद्देशीयांचे विमे उतरवले जाऊ लागले तेव्हाही त्यांच्याकडून जादा हप्ता घेत. हिंदी माणसाचा जीव अधिक बेभरवशाचा, असा त्यामागचा हिशेब. हा भेद मोडला तो मुंबईने. १८७०-७१ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअल सोसायटीने हिंदी माणसाचा विमा सर्वसाधारण दराने उतरवण्यास सुरुवात केली. १८७४ साली मुंबईतच ओरिएंटल गव्हर्नमेंट सिक्युरिटी कंपनी निघाली आणि कालांतराने ती देशातील अग्रगण्य विमा कंपनी बनली. स्वदेशीच्या चळवळीने तर या धंद्यात चैतन्यच ओतले. मद्रासेत युनायटेड इंडिया निघाली. कोलकात्यात १९०७ साली हिंदुस्थान को-ऑपरेटिव्ह कंपनीचा जन्म जोडासाँको येथील ठाकुरांच्या वाड्यातील एका खोलीत झाला. आपल्याकडे साताऱ्यासारख्या गावी अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ मध्ये वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी उभी केली. परक्या कंपन्यांकडे जाणारा पैसा देशात राहावा आणि चार सुशिक्षित तरुणांना पोटापाण्याचा उद्योग मिळावा, असा दुहेरी हेतू या संस्थांमागे होता.

अशा कंपनीत चिकटणारा तरुण बहुधा मॅट्रिक झालेला असे. काम वरवर पाहता रुक्ष. प्रपोजलचा कागद तपासायचा, डॉक्टरांचा अहवाल जोडायचा, वयाचा पुरावा पाहायचा. जन्माचा दाखला घरोघर नसे, तेव्हा जन्मवेळी मांडलेली पत्रिकाही पुरावा म्हणून चाले. गंमत अशी की, ज्या पत्रिकेवरून ज्योतिषी एकट्या माणसाचे आयुष्य सांगे, तिच्यावरून विमा कंपनी फक्त वय घेई आणि आयुष्याचा अंदाज हजारो माणसांच्या मृत्यू-कोष्टकावरून बांधी. हप्ता आला तर लेजरात मांडायचा, न आला तर स्मरणपत्र धाडायचे, तरीही न आला तर पॉलिसी लॅप्स झाल्याची नोंद करायची. आणि एके दिवशी त्याच लेजरातील कोणा विमेदाराच्या विधवेचा अर्ज टेबलावर आला की दाव्याचे कागद तयार करायचे. या कामात एक नैतिक वजन होते. कारकुनाच्या हातून एक आकडा चुकला तर कोणाच्या तरी चुलीवरचे आधण थांबण्याचा संभव असे.

धंदा मात्र झपाट्याने फोफावत होता. महामंडळाच्याच इतिहासात दिलेले आकडे बोलके आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत कंपन्या होत्या ४४ आणि चालू विम्याची रक्कम २२ कोटी ४४ लाख रुपये. १९३८ साली कंपन्या झाल्या १७६ आणि रक्कम २९८ कोटी. पण पावसाळ्यात उगवते ते सारेच पीक नसते. पुष्कळ कंपन्या निव्वळ कमिशनच्या आशेवर आणि मोठ्या नावांच्या पाट्यांवर उभ्या होत्या. एजंटाने भिडेखातर आणलेला विमा दुसऱ्या वर्षी बंद पडे, आणि खर्च मात्र कंपनीच्या अंगावर बसे. १९३८ च्या विमा कायद्याने सरकारी देखरेख आणली, तरी रोग मुळापासून गेला नाही. १९४५ ते १९५५ या दहा वर्षांत २५ आयुर्विमा कंपन्यांचे दिवाळे वाजले आणि आणखी २५ कंपन्यांचा धंदा विमेदारांना तोशीस देऊन दुसऱ्यांच्या स्वाधीन करावा लागला. भारत इन्शुरन्स कंपनीच्या सव्वादोन कोटींच्या अपहाराबद्दल तर रामकृष्ण दालमियांसारख्या बड्या उद्योगपतीला १९५५ मध्ये अटक झाली आणि पुढे शिक्षाही झाली.

बुडालेल्या कंपनीत विमेदाराचा पैसा बुडतो हे सर्वांना दिसते. नोकराचे काय बुडते हे तितके दिसत नाही. दहा-पंधरा वर्षांची सेवाज्येष्ठता, प्रॉव्हिडंट फंडाचा भरवसा आणि 'अमक्या कंपनीत आहे' या शब्दांवर ठरलेले लग्न, हे सारे एकाच पाटीबरोबर खाली येते. शिवाय ज्या शेजाऱ्याला त्याने शब्दावर विमा घ्यायला लावले, त्याला तोंड दाखवायचे ते निराळेच. अशा परिस्थितीत १ जुलै १९५१ रोजी मुंबईत अखिल भारतीय विमा कर्मचारी संघटना स्थापन झाली. पगार व नोकरीची शाश्वती या मागण्यांबरोबरच तिने आणखी एक मागणी लावून धरली, ती विमाधंद्याच्या राष्ट्रीयीकरणाची. आपला मालक बदला, अशी मागणी नोकरांनीच करावी ही गोष्ट तशी विरळा. पण खाजगी तिजोरीच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला आहेत हे त्यांनी जवळून पाहिलेले होते.

ती मागणी फळास आणली एका मराठी माणसाने. रायगड जिल्ह्यातील नाते या गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख त्या वेळी केंद्राचे अर्थमंत्री होते. १९ जानेवारी १९५६ रोजी त्यांनी आकाशवाणीवरून भाषण करून आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. बेत इतका गुप्त राखला होता की कंपन्यांच्या मालकांना कागदपत्रे हलवायला अवधीच मिळाला नाही. वटहुकूम निघाला आणि कंपन्यांचा कारभार सरकारी देखरेखीखाली गेला. जून महिन्यात संसदेने कायदा संमत केला आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी १५४ हिंदी कंपन्या, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या, अशा एकूण २४५ संस्थांचा प्रवाह एका महामंडळात येऊन मिळाला. सरकारने भांडवल घातले फक्त पाच कोटी, आणि प्रत्येक पॉलिसीला आपली हमी दिली. तो दिवस पाहण्यास देशमुख मात्र त्या खुर्चीवर नव्हते. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी जुलैमध्येच राजीनामा दिला होता.

विमेदाराला हमी मिळाली. नोकराला काय मिळाले? एक गोष्ट निर्विवाद मिळाली. उद्या पाटी उतरेल ही भीती गेली. पण २४५ घरांची भांडीकुंडी एका स्वयंपाकघरात आणली म्हणजे जो गोंधळ उडतो तो येथे उडाला. एका कंपनीतील हेडक्लार्क दुसऱ्या कंपनीतील साध्या कारकुनापेक्षा कमी पगार घेत होता. कोठे महागाई भत्ता होता, कोठे नव्हता. कोणाची नोकरी अधिक वर्षांची, कोणाचा हुद्दा मोठा. मग बढतीच्या यादीत आधी नाव कोणाचे? कायद्याच्या अकराव्या कलमाने सर्वांना महामंडळाच्या सेवेत घेतले खरे. परंतु पगार व सेवेच्या शर्ती एकसारख्या करण्यासाठी त्यांत बदल करण्याचा अधिकार सरकारकडे ठेवला, आणि हा बदल कपातीचाही असू शकेल असे स्पष्ट म्हटले. ज्याला मान्य नसेल त्याला तीन महिन्यांच्या पगाराएवढी भरपाई देऊन निरोप देता येई. धंदा आणणाऱ्या क्षेत्र-अधिकाऱ्यांसाठी तर १९५७ च्या अखेरीस निराळा हुकूमच निघाला. त्यांचा पगार आणि त्यांनी आणलेला धंदा यांची सांगड घालण्यात आली. काम कमी पडले तर पगार कापला जाणार, प्रसंगी नोकरीही जाणार. हा वादही सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. ज्या शाश्वतीसाठी राष्ट्रीयीकरण मागितले, तिच्यातही असे खाचखळगे निघाले.

महामंडळाला पुरते वर्ष होण्याच्या आतच दुसरा धक्का बसला. जून १९५७ मध्ये हरिदास मुंदडा या सट्टेबाज उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर महामंडळाने खरेदी केले. त्यांत भायखळ्याची रिचर्डसन अँड क्रुडास होती, तशीच कोलकात्याची जेसॉपही होती. अशा खरेदीसाठी जी गुंतवणूक समिती नेमलेली होती, तिला आधी विचारलेच नव्हते. डिसेंबर महिन्यात फिरोज गांधींनी लोकसभेत हा प्रश्न उपस्थित केला. स्वतःच्या सासऱ्यांच्या सरकारला सत्ताधारी पक्षाच्याच बाकावरून जाब विचारणारा तो सभासद होता. न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांचा एक-सदस्य आयोग नेमला गेला आणि मुंबईत उघड चौकशी झाली. ती ऐकण्यास इतकी गर्दी लोटली की बाहेर ध्वनिवर्धक लावावे लागले. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला.

या प्रकरणाचे राजकारण पुष्कळांनी लिहिले आहे. कचेरीतील माणसाच्या दृष्टीने त्याचा अर्थ निराळा होता. ताळेबंदात दोन आण्यांचा फरक आला तर तो सापडेपर्यंत ज्याला घरी जाता येत नसे, त्या कारकुनाला समजले की वरच्या मजल्यावर कोटीचा व्यवहार समितीला न विचारताही होतो. पण त्याबरोबर त्याला आणखीही एक गोष्ट समजली. खाजगी कंपनीत असा व्यवहार दडपला गेला असता. येथे तो भर चव्हाट्यावर आला आणि मंत्र्यालाही खुर्ची सोडावी लागली. संस्था लोकांची आहे म्हणजे काय, याचा तो पहिला धडा होता.

त्यानंतर वाढीचे दिवस आले. आरंभी ५ विभागीय, ३३ मंडल आणि २१२ शाखा कचेऱ्या असलेले महामंडळ तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचू लागले. पहिल्या काळात वर्षाला सुमारे दोनशे कोटींचा नवा धंदा होई. १९६९-७० मध्ये त्याने हजार कोटींची मर्यादा ओलांडली. शाखा निघाली की शाखाधिकारी हवा, म्हणून बढती. बढती मिळाली की बदली, म्हणून बिऱ्हाड हलवणे, मुलांची शाळा बदलणे, म्हाताऱ्या आईला गावी ठेवणे. मुंबईत चाळीतील दोन खोल्या सोडून बढती घ्यावी की कारकून राहून त्या दोन खोल्या राखाव्यात, हा प्रश्न कितीतरी घरांत रात्र रात्र चर्चिला गेला असेल. एकीकडे योग, दुसरीकडे क्षेम. दोन्ही एका ताटात क्वचितच वाढले जातात.

वाढत्या कामासाठी यंत्रे आली. छिद्रांकित कार्डांची यंत्रे १९५० नंतरच्या दशकातच होती. १९६४ मध्ये संगणक आला. 'आता माणसे कमी होणार' ही कुजबूज कचेरीभर पसरली. कोलकात्यात तर कर्मचाऱ्यांनी इलॅको हाउस या इमारतीत संगणक येऊ नये म्हणून पहारे बसवले आणि हे आंदोलन देशभर गाजले. आज त्या पहारेकऱ्यांना हसणे सोपे आहे. पण हाताने लेजर लिहिण्यात ज्याचे अर्धे आयुष्य गेले आणि जेवढे शिकला तेवढ्यावरच ज्याचे घर चालले, त्याला यंत्राविषयी प्रेम वाटावे अशी अपेक्षा धरणेही वावगेच. पुढे १९८० नंतर शाखांतून छोटे संगणक आले. विरोध मावळला, कारण धंदा इतका वाढला होता की हाताने तो सावरणे कोणालाच शक्य नव्हते.

आता त्या बोनसकडे वळू. १९६५ च्या बोनस कायद्यातून आयुर्विमा महामंडळाला वगळलेले होते. म्हणून जानेवारी आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये महामंडळाने आपल्या तिसऱ्या व चौथ्या वर्गाच्या नोकरांशी, म्हणजे कारकून, शिपाई व त्यांच्या जोडीच्या मंडळींशी, रीतसर करार केले. वार्षिक पगाराच्या १५ टक्के बोनस द्यायचा आणि त्याचा नफ्या-तोट्याशी संबंध नाही, असे त्यांत ठरले. केंद्र सरकारने त्यास मान्यता दिली. दोन वर्षे बोनस मिळालाही. मग जून १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि सप्टेंबरमध्ये महामंडळाने कळवले की सरकारच्या परवानगीवाचून बोनस देता येणार नाही. कर्मचारी कोलकाता उच्च न्यायालयात गेले. २१ मे १९७६ रोजी निकाल त्यांच्या बाजूने लागला. पण तो हाती पडून पंधरवडाही झाला नाही तोच संसदेने कायदा करून करारातील बोनसची तरतूद पूर्वलक्षी प्रभावाने पुसून टाकली. सभा, संप, मोर्चे यांना बंदी असलेला तो काळ. दाद मागायची तर फक्त न्यायालयातच.

२१ फेब्रुवारी १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने हा कायदा रद्द ठरवला. करारान्वये देणे झालेला बोनस ही नोकराची मालमत्ता आहे आणि भरपाईवाचून ती काढून घेता येत नाही, असे बहुमताचे म्हणणे पडले. मालमत्तेचा हक्क म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर जमीनदार आणि गिरणीमालक उभे राहतात. येथे तो शिपायाच्या कामी आला. दैवाचा खेळ असा की घटनेच्या ज्या ३१ व्या कलमाच्या आधारे हा विजय मिळाला, ते कलमच पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने काढून टाकण्यात आले. १९८० मध्ये न्यायालयाने दुसऱ्यांदा सांगितले की, नवा करार होईपर्यंत जुना करार जिवंत आहे. त्यावर १९८१ च्या आरंभी सरकारने महामंडळाच्या कायद्यातच दुरुस्ती करून नोकरांच्या शर्ती नियमांनी ठरवण्याचा अधिकार घेतला. १९८२ मध्ये न्यायालयाने ही दुरुस्ती उचलून धरली. मात्र तिचा अंमल पुढील काळापुरताच राहील, मागचे झालेले देणे बुडवता येणार नाही, असे बजावले. म्हणजे मिळवलेले राखले, पण पुढचे दार अरुंद झाले.

त्यानंतरच्या चाळीस वर्षांत कचेरीचा चेहरामोहराच बदलला. १९९५ च्या नियमांनी कर्मचाऱ्यांना निवृत्तिवेतन मिळू लागले, आणि विमेदाराच्या म्हातारपणाचा हिशेब करणाऱ्याच्या स्वतःच्या म्हातारपणाची सोय झाली. १९९९ च्या कायद्याने खाजगी कंपन्यांना पुन्हा दार उघडले. ४३ वर्षांची मक्तेदारी संपली. 'आता महामंडळ बुडणार' म्हणणारे पुष्कळ होते. ते बुडाले नाही. एका कायद्याने जन्मलेली ती संस्था सुमारे एक लाख कर्मचाऱ्यांची झाली. मे २०२२ मध्ये सरकारने तिचे साडेतीन टक्के भाग लोकांना विकले आणि सुमारे साडेवीस हजार कोटी रुपये उभे केले. पाच कोटींच्या भांडवलावर उभ्या राहिलेल्या संस्थेचा हा एवढासा तुकडा! शेअरची किंमत ९४९ रुपये ठरली आणि कर्मचाऱ्यांना ४५ रुपयांची सूट मिळाली. १७ मे रोजी मुंबईच्या शेअरबाजारात व्यवहार सुरू झाला तो ८६७ रुपयांच्या आसपास, म्हणजे सूट धरूनही कर्मचाऱ्याने दिलेल्या किमतीच्या खाली. पुढे २०२४ च्या आरंभी त्या शेअरने मूळ किंमत ओलांडली. पण मधल्या दीड-पावणेदोन वर्षांत ज्याला लेकीच्या लग्नासाठी ते विकावे लागले असतील, त्याला या चढउताराचा अर्थ कोणी समजावून सांगायला नको.

या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट ठळक दिसते. संस्थेच्या वाढीतील वाटा कर्मचाऱ्याला आपोआप कधीच मिळाला नाही. तो कधी संघटनेने मिळवला, कधी करारपत्राने, कधी न्यायालयाने, आणि प्रत्येक वेळी मिळालेले राखण्यासाठी पुन्हा झगडावे लागले. तरीही त्या कर्मचाऱ्याने लेजरातील नोंद चुकू दिली नाही. स्वतःच्या बोनसचा खटला दिल्लीत चालू असताना विमेदाराच्या बोनसचा आकडा तो पॉलिसीवर बिनचूक चढवीत होता, आणि विधवेच्या दाव्याचा चेक वेळेवर निघेल अशी खटपट करीत होता. संस्थांचे मोठेपण आपण इमारतींच्या मजल्यांवरून आणि कोटींच्या आकड्यांवरून मोजतो. त्या कोटींच्या मागे हप्ता भरणाऱ्याचा जो विश्वास असतो, तो मात्र खिडकीपलीकडे बसलेल्या माणसाच्या प्रामाणिकपणावर उभा असतो. दुसऱ्याचा योगक्षेम वाहणाऱ्याचा योगक्षेम कोणी वाहावा, हा प्रश्न १९५६ साली होता आणि आजही आहे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री वहीवर हळदकुंकू वाहताना, ती वही वर्षभर ज्याने लिहिली त्याचाही विचार मनात यावा, एवढेच या इतिहासाचे मागणे.